दात्याचा पैसा आणि विश्वस्तांची वही

जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या पूर्वेकडील सागाच्या रानात बेज्जूर हे गाव वसलेले आहे. वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम झाल्यावर जी नदी प्राणहिता हे नाव धारण करते, ती ह्या रानाच्या पूर्वेकडून दक्षिणेस गोदावरीच्या भेटीला जाते. नदीच्या अलीकडे बेज्जूर, पलीकडे अहेरीचा मुलूख. दोन्ही तीरांवर गोंड आणि तेलुगु वस्ती आहे, दोन्ही तीरांवर मराठी कानी पडते, आणि लग्नसंबंध व बाजारहाट नदीला विचारून होत नाहीत. परंतु ह्या तीरावर एखाद्याने देवळाच्या पेटीत, शाळेच्या फंडात अथवा धर्मार्थ दवाखान्याच्या झोळीत एक रुपया टाकला, आणि त्याच माणसाने नदी ओलांडून दुसरा रुपया पलीकडे टाकला, तर त्या दोन रुपयांचे पुढे काय झाले हे विचारण्याचे मार्ग मात्र अगदी निराळे आहेत. असे का व्हावे, ह्याचा शोध घेऊ लागले म्हणजे आपल्या देशातील दानधर्माच्या कायद्याचा बराचसा इतिहास उलगडत जातो.

तात्कालिक कारण राजकीय आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. त्या वेळी ह्या एकाच आदिलाबाद जिल्ह्यातून राजुरा आणि किनवट हे भाग निघून मुंबई राज्याच्या नांदेड जिल्ह्यात गेले; राजुरा पुढे १९५९ साली चांद्याला जोडले गेले. बेज्जूर आंध्र प्रदेशात राहिले, २०१४ साली तेलंगणात आले, आणि २०१६ च्या फेररचनेपासून ते कुमरम भीम आसिफाबाद ह्या नव्या जिल्ह्यात मोडते. सीमा आखणाऱ्यांनी भाषा पाहिली, लोकसंख्या पाहिली, नद्या पाहिल्या. गावोगावच्या देवस्थानांच्या, धर्मशाळांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या वह्या कोणी तपासावयाच्या हा प्रश्न त्या वेळी कोणाच्या डोळ्यांपुढे ठळकपणे असण्याचे कारण नव्हते. तो आपोआपच सुटला. म्हणजे त्याचे दोन तुकडे झाले.

मूळ प्रश्न मात्र फार जुना आहे. दान दिल्यानंतर दाता हात आखडून घेतो. ज्याला दिले तो देव बोलत नाही, ज्यांच्यासाठी दिले ते अनाथ, रुग्ण, विद्यार्थी बहुधा अजाण असतात. आणि मध्ये उभा असतो पुजारी, विश्वस्त अथवा चिटणीस. खाजगी व्यवहारात पैसा बुडाला तर धनको दारात येऊन बसतो. येथे दारात येऊन बसावे असा धनकोच नाही.

आपल्या पूर्वजांनी ह्यावर एक उपाय योजला होता, तो शापाचा. शिलाहार आणि यादव यांच्या काळातील दानलेखांच्या शेवटी, दिलेल्या भूमीचे जो हरण करील तो हजारो वर्षे नरकात किडा होऊन पडेल, अशा अर्थाची वचने कोरलेली असत. कोकणात आणि देशावर जे ‘गद्धेगाळ’ नावाचे दगड सापडतात, त्यांवरील गाढवाचे चित्र आणि त्याखालची अभद्र शिवी ही ह्याच जातीची. अक्षीचा प्रसिद्ध शिलालेख ह्याच वर्गातला आहे. विद्वानांनी ह्या दगडांकडे मराठी भाषेच्या आरंभाचा पुरावा म्हणून पुष्कळ पाहिले आहे. पण कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर तो एक दंडविधीच म्हटला पाहिजे. त्यात वादी नाही, न्यायाधीश नाही, केवळ शिक्षा आहे. दात्याला आपल्या मागे कोणी रक्षणकर्ता राहील असा भरवसा नव्हता, हेच त्या कर्कश भाषेवरून दिसून येते. राजाचे कर्तव्य म्हणून देवस्थानांचे रक्षण धर्मशास्त्राने सांगितले होते खरे, आणि पेशवाईत देवस्थानांच्या खर्चाचे हिशेब सरकारी दप्तरात येतही असत. तथापि ते राजाच्या इच्छेवर आणि कारकुनाच्या सचोटीवर अवलंबून होते.

कंपनी सरकार आले तेव्हा राजाचे हे कर्तव्य त्याने वारसाहक्काने पत्करले. बंगालमध्ये १८१० साली आणि मद्रासेत १८१७ साली त्याने नियम केले आणि देवळे, मशिदी, पूल, धर्मशाळा यांची उत्पन्ने दात्याच्या हेतूप्रमाणे खर्च होतात की नाही हे पाहण्याचा अधिकार आपल्या महसुली मंडळांना दिला. ही देखरेख वाईट नव्हती. परंतु ख्रिस्ती सरकारने मूर्तिपूजेचा कारभार पाहावा हे इंग्लंडातील धर्मोपदेशकांना सहन होईना. त्यांच्या दडपणाखाली सरकारने हळूहळू अंग काढून घेतले, आणि १८६३ च्या कायद्याने देवस्थाने स्थानिक समित्यांच्या व विश्वस्तांच्या हाती सोपवून सरकार मोकळे झाले. ह्या कायद्याचा मुख्य रोख बंगाल व मद्रास इलाख्यांकडे होता. मुंबई इलाख्याच्या बहुतेक भागात तर तेवढीही सोय नव्हती. धर्मात ढवळाढवळ नको, हे तत्त्व ऐकावयास उदात्त वाटते. त्याचा व्यवहारातला अर्थ असा झाला, की ज्याच्या हाती पेटीची किल्ली होती त्याला विचारणारा कोणी उरला नाही.

अशा स्थितीत मुंबई उच्च न्यायालयापुढे डाकोरचा खटला आला. १८८७ सालचा हा निवाडा आजही वकील मंडळी उद्धृत करतात, पण सामान्य वाचकाला तो फारसा ठाऊक नाही. म्हणून तो थोडा विस्ताराने सांगणे योग्य होईल.

गुजरातेत खेडा जिल्ह्यात डाकोर येथे रणछोडरायाचे मोठे देवस्थान आहे. देव गुजरातचा, पण देऊळ बांधले मराठी माणसाने. साताऱ्याच्या तांबवेकर घराण्यातील गोपाळराव जगन्नाथ तांबवेकर यांनी १७७२ साली ते उभारले. पूजाअर्चा सेवक म्हणविणाऱ्या पुजाऱ्यांच्या घराण्यांकडे होती. पौर्णिमेला हजारोंच्या संख्येने यात्रेकरू येत. रोख नाणे, वस्त्रे, दागिने देवापुढे ठेवीत. हे सर्व सेवक आपल्या घरी नेत. त्यांचे म्हणणे सरळ होते : आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सेवा करतो, देवापुढे आलेले द्रव्य हा आमचा मेहनताना आहे, तो आमच्या मालकीचा आहे, त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. ह्यावर तांबवेकर घराण्यातील मनोहर गणेश यांनी दुसऱ्या भक्तांसह दावा लावला आणि सेवकांनी हिशेब द्यावा अशी मागणी केली.

खटला न्यायमूर्ती रेमंड वेस्ट आणि बर्डवुड यांच्यापुढे चालला. वेस्ट हे साधे न्यायाधीश नव्हते. जॉर्ज ब्यूलर ह्या थोर संस्कृत पंडिताबरोबर त्यांनी हिंदू धर्मशास्त्रावर ग्रंथ सिद्ध केला होता. त्यांच्यापुढे पेच असा होता, की इंग्लंडातील विश्वस्तनिधीचा कायदा हिंदू देवस्थानाला जसाच्या तसा लावता येत नव्हता, आणि हिंदू शास्त्रात विश्वस्त हा शब्दच नव्हता. वेस्ट यांनी मार्ग काढला तो असा : देव ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्तीच आहे, भक्ताने जे दिले ते देवाला दिले, पुजाऱ्याच्या हातात दिले असले तरी पुजाऱ्याला दिले नाही, पुजाऱ्याने ते स्वीकारले ते देवाच्या सेवेच्या हेतूसाठी, म्हणून त्या हेतूने तो बांधला गेला आणि त्याच्याकडून जाब मागता येतो. सेवकांना आपल्या सेवेचा योग्य मोबदला मिळण्यास हरकत नव्हती. मोबदला आणि मालकी ह्या दोन गोष्टी मात्र निवाड्याने एकमेकींपासून तोडल्या.

ह्यातील दुसरा मुद्दा तितकाच महत्त्वाचा होता. विचारणार कोण? सेवकांचे वकील म्हणत होते, की वादींचे स्वतःचे काय बुडाले? न्यायालयाने ठरविले, की ज्या संस्थेचा लाभ सर्व भक्तांसाठी आहे तिच्या कारभाराविषयी भक्ताला भक्त म्हणून विचारण्याचा अधिकार आहे. शिलालेखाच्या काळापासून जो वादी सापडत नव्हता तो येथे प्रथम सापडला. तो राजा नव्हता, वारस नव्हता, सरकारी अधिकारीही नव्हता. देवापुढे पैसा ठेवून घरी परतणारा यात्रेकरू तो होता.

तत्त्व मिळाले, व्यवहार सुलभ झाला नाही. १८७७ च्या दिवाणी संहितेत कलम ५३९ आले होते, आणि तेच १९०८ च्या संहितेत कलम ९२ झाले. त्याप्रमाणे सार्वजनिक न्यासात हितसंबंध असलेल्या दोघांनी किंवा अधिकांनी अधिवक्ता-प्रमुखाची संमती मिळवावी, मग दावा करावा, मग न्यायालयाने विश्वस्त काढावा, हिशेब घ्यावा, नवी योजना आखावी. कागदावर सर्व काही होते. पण विचार करा : एखाद्या तालुक्याच्या गावी देवस्थानचे इनाम पुजारी गहाण टाकीत आहे. दोन गृहस्थांनी पुढे व्हावयाचे, स्वतःचा खर्च करावयाचा, वर्षानुवर्षे कचेरीच्या पायऱ्या चढावयाच्या, गावातील बलिष्ठ घराण्याचे वैर पत्करावयाचे. आणि दावा जिंकला तरी पैसा परत यावयाचा तो देवाकडे. असे गृहस्थ निघाले नाहीत ह्याचे आश्चर्य वाटावयास नको. १९२० साली मध्यवर्ती सरकारने न्यासांचे हिशेब मागण्याचा एक सोपा मार्ग काढून पाहिला, पण तोही कोणीतरी अर्ज करण्यावरच अवलंबून होता.

त्याच काळात दानाचे स्वरूपही पालटत होते. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला, त्यातून तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोट रुपयांचे लक्ष्य ठरले. एक श्रीमंत दाता आणि एक देऊळ अशी जोडी मागे पडून लाखो लहान दाते आणि एक समिती असा नवा व्यवहार सुरू झाला. पैसा फंडात पैसा टाकणाऱ्या शाळकरी मुलाने दोघांची जोडी जमवून अधिवक्ता-प्रमुखाकडे जावे, अशी अपेक्षा कोणी केली असेल असे वाटत नाही.

मुंबई सरकारने १९३५ साली सार्वजनिक न्यासांच्या नोंदणीचा एक कायदा केला. पुढे स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींवरून १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा जन्मास आला. मंदिरे, मठ आदींना तो १९५२ च्या जानेवारीपासून लागू झाला. १९५९ च्या एकीकरण कायद्याने तो विदर्भ-मराठवाड्यालाही लागू करण्यात आला, आणि अशा रीतीने राजुरा व किनवट त्याच्या छत्राखाली आली. आज त्याचे नाव महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम असे आहे.

ह्या कायद्याचे मर्म त्याच्या शिक्षांत शोधू जाणारा निराश होईल. त्याचे मर्म त्याच्या कारकुनी तरतुदींत आहे. प्रत्येक सार्वजनिक न्यासाने नोंदणी केलीच पाहिजे. त्याची मिळकत, त्याचे विश्वस्त, त्याचा उद्देश एका नोंदवहीत लिहिला जातो आणि बदल झाला की तोही कळवावा लागतो. नियमित हिशेब ठेवले पाहिजेत. ते लेखापरीक्षकाने तपासले पाहिजेत. आणि लेखापरीक्षकाने केवळ बेरीज जुळते असे म्हणून भागत नाही. गैरवाजवी खर्च, वसूल न केलेले येणे, न्यासाच्या उद्देशाबाहेर गेलेला पैसा, ह्यांविषयी त्याने लिहिलेच पाहिजे, आणि ते लिखाण थेट धर्मादाय खात्याकडे जाते. जमीन विकावयाची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यावयाची तरी हवी. नुकसान झाल्याचे आढळले तर आयुक्त चौकशी करतात आणि विश्वस्ताच्या घोर निष्काळजीपणामुळे अथवा विश्वासभंगामुळे ते झाले असेल तर ती रक्कम त्याच्या अंगावर बसवितात. गणेशोत्सवाची वर्गणी जमविणारी तात्पुरती मंडळेदेखील कलम ४१-क मुळे ह्या कचेरीचा उंबरठा झिजवितात, हे शहरातील वाचकांना सांगावयास नको.

डाकोरच्या निवाड्याने भक्ताला वादी बनविले होते. १९५० च्या कायद्याने वहीलाच वादी बनविले. तक्रारदार आला नाही तरी दरवर्षी वही पुढे येते आणि प्रश्न विचारते. निदान तशी कल्पना होती.

हा कायदा बिनविरोध पार पडला नाही. एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त न्यायालयात गेले, आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी हे धर्मादायाच्या कायद्याचे श्रेष्ठ जाणकार. त्यांनी लिहिलेला हा निवाडा समतोल आहे. हिशेब, नोंदणी, तपासणी ह्या गोष्टी धर्माचा भाग नव्हेत. मालमत्तेच्या कारभारावर राज्याने कायद्याने नियंत्रण ठेवावे ह्यात धर्मस्वातंत्र्याचा भंग नाही. परंतु धर्मादाय आयुक्त ह्या सरकारी अधिकाऱ्यालाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमता येईल, ही तरतूद त्यांनी रद्द केली. तसेच मूळ उद्देश पार पाडणे शक्य असतानाही धार्मिक न्यासाचा पैसा दुसऱ्या, अधिक लोकोपयोगी वाटणाऱ्या कामाकडे वळविण्याचा अधिकार त्यांनी अमान्य केला. देवासाठी दिलेला पैसा रस्त्यावर खर्च झाला तर रस्ता चांगला होईल, पण दात्याचा शब्द मोडेल. जाबदारीचा कायदा विश्वस्ताप्रमाणेच सरकारलाही बांधतो, हे येथे ठरले. सुधारकांपैकी अनेकांना हा भाग पटला नाही. तो न्यायाला धरून होता असेच म्हटले पाहिजे.

आणखी एक गोष्ट त्या निवाड्यात होती. न्यासांच्या उत्पन्नातून धर्मादाय खात्यासाठी अंशदान घेतले जाई. पुढे त्याचा दर दोन टक्के होता. हा कर की फी? कर असेल तर प्रांतिक विधिमंडळाला तो बसविण्याचा अधिकार नव्हता. त्याच वर्षी शिरूर मठाच्या खटल्यात मद्रासची अशीच आकारणी कर म्हणून रद्द झाली होती, कारण तो पैसा सरकारी तिजोरीत मिसळत होता. मुंबईचा पैसा मात्र स्वतंत्र निधीत जमा होई आणि न्यासांच्या देखरेखीवरच खर्च होई; म्हणून ती फी ठरली आणि टिकली. म्हणजे ज्यांच्यावर पहारा ठेवावयाचा त्यांच्याच पैशातून पहारेकऱ्याचा पगार, आणि त्या पगाराचाही वेगळा हिशेब! २००९ साली मात्र उच्च न्यायालयाने ह्या वसुलीला स्थगिती दिली.

कायदा असूनही काय होते, ह्याची उदाहरणे महाराष्ट्राने पुष्कळ पाहिली. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचा प्रश्न १९६८ साली नेमलेल्या नाडकर्णी आयोगापुढे गेला. १९७३ साली स्वतंत्र कायदा झाला. आणि शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाने उच्चारला तो २०१४ च्या जानेवारीत. डाकोरचा प्रश्न भीमेच्या तीरी पुन्हा सोडवावा लागला, आणि त्याला सुमारे अर्धशतक लागले.

मुंबईच्या सिद्धिविनायकाची गोष्ट निराळी आहे. तेथे १९८० च्या कायद्याने सरकारनियुक्त समिती आली. पुजाऱ्याने पैसा घरी नेण्याचा प्रश्नच नव्हता. पेटीत प्रचंड द्रव्य जमू लागले आणि समिती त्यातून शाळांना, रुग्णालयांना, संस्थांना देणग्या देऊ लागली. तक्रार झाली ती ह्या देणग्यांविषयी. उच्च न्यायालयाने २००४ साली निवृत्त न्यायमूर्ती टिपणीस यांची समिती नेमली. तिला असे आढळले, की कोणत्या संस्थेला द्यावे ह्याला काही पद्धत अथवा तत्त्व नव्हते; विश्वस्ताची, मंत्र्याची किंवा एखाद्या वजनदार पुढाऱ्याची शिफारस हेच काय ते गमक होते. येथे वही बिनचूक होती. पावती होती, ठराव होता, सह्या होत्या. पैसा चोरीस गेला नव्हता. तो फक्त ओळखीच्या दारी गेला होता. बेरजेत न सापडणारा हा दोष लेखापरीक्षकाने कोठे लिहावा?

उलट टोकाचे उदाहरण राळेगण सिद्धीच्या हिंद स्वराज ट्रस्टचे. काही मंत्री आणि अण्णा हजारे यांच्यात परस्पर आरोप झाले तेव्हा न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा चौकशी आयोग नेमला गेला. २००५ साली त्याने अहवाल दिला. काही मंत्र्यांवर ठपका ठेवतानाच, ट्रस्टच्या पैशातून हजारे यांच्या वाढदिवसाच्या समारंभावर झालेला २ लाख २० हजार रुपयांचा खर्च बेकायदेशीर असून तो भ्रष्ट व्यवहारात मोडतो, असेही त्याने नमूद केले. रक्कम लहान; ज्यांच्या नावे समारंभ झाला ते भ्रष्टाचाराविरुद्ध लढणारे म्हणून देशभर मान्यता पावलेले. पुष्कळांना हा निष्कर्ष कठोर वाटला. परंतु न्यासाच्या कायद्यात माणसाची पुण्याई जमेच्या बाजूला मांडता येत नाही. उद्देशात वाढदिवस आहे की नाही एवढेच पाहावे लागते. ह्याच ट्रस्टविषयी २०११ साली दाखल झालेल्या एका याचिकेची व्याप्ती सर्वोच्च न्यायालयाने पुढे देशभरच्या संस्थांपर्यंत वाढविली. तेव्हा केंद्रीय तपास खात्याने जी माहिती गोळा केली तिच्यावरून उघड झाले, की नोंदलेल्या लक्षावधी संस्थांपैकी दहांत एकीनेही धड हिशेब दाखल केलेले नाहीत.

आता पुन्हा प्राणहितेच्या अलीकडे यावे. निजामाच्या राज्यात धर्मादायाचा कारभार उमूरे मजहबी खात्याकडे असे. १३४९ फसलीत, म्हणजे १९३९-४० च्या सुमारास, देणगी-मिळकतींचे नियम झाले. संस्थांच्या नोंदणीचा कायदा त्यानंतर लगेच, १३५० फसलीत. जोडेघाटच्या रानात कुमरम भीम धारातीर्थी पडला ते हेच दिवस होत. रानातल्या माणसाला ह्या उर्दू नियमांचा स्पर्श झाला असेल असे नाही. आंध्र प्रदेश झाल्यावर १९६६ साली आणि पुन्हा १९८७ साली धर्मादाय व हिंदू धार्मिक संस्थांचा कायदा झाला. १९८७ च्या कायद्याने वंशपरंपरागत विश्वस्तपद मोडून काढले, संस्थांच्या उत्पन्नाप्रमाणे तीन याद्या केल्या, आणि विश्वस्त मंडळे सरकारी नेमणुकीची केली. हैदराबादच्या पित्ती घराण्याने त्यास आव्हान दिले तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वंशपरंपरेचे उच्चाटन मान्य केले. मात्र संस्थापकाच्या इच्छेला मान देणारा त्याच्या घराण्यातील माणूस मंडळाचा अध्यक्ष असावा असे म्हटले. तेलंगणाने हाच कायदा पुढे चालविला आहे.

महाराष्ट्राच्या रीतीहून हिचे अंतर येथेच दिसते. महाराष्ट्रात विश्वस्त बहुधा खाजगी, आणि वर तपासणारा सरकारी. तेलंगणात मोठ्या देवस्थानांपुरते बोलावयाचे तर चालविणारेही सरकारने नेमलेले आणि तपासणारेही सरकारच. उलट शाळा, अनाथाश्रम, सेवामंडळ अशी जी संस्था सोसायटी म्हणून नोंदली जाते, तिचे तेथील जीवन २००१ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे चालते. ती आपले हिशेब निबंधकाकडे पाठविते. सभासदांत तंटा झाला तर लवादाकडे किंवा जिल्हा न्यायालयाकडे जाते. महाराष्ट्रात अशी सोसायटी धर्मार्थ हेतूची असेल तर ती आपोआप सार्वजनिक न्यासही ठरते आणि धर्मादाय आयुक्तांच्या वहीत येते. नदीच्या दोन तीरांवर एकाच तऱ्हेची संस्था. एकीला दोन वह्या, दुसरीला एक. प्राप्तिकराची सवलत आणि परदेशी देणग्यांचे नियम तेवढे दोन्ही तीरांना समान, कारण ते दिल्लीचे.

ह्या जुन्या जिल्ह्यातच दानाचा आणखी एक व्यवहार आहे, जो कोणत्याही कायद्याच्या आधीचा म्हणावा लागेल. केसलापूर येथे नागोबाचे स्थान आहे. ते गोंडांच्या मेसराम वंशाचे. पुष्य महिन्यात यात्रा भरते तेव्हा वंशातील लोक पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. अलीकडे तेथे नवे दगडी मंदिर उभे राहिले, ते वंशातील घराघरांनी दिलेल्या वर्गणीतून. अशा समूहात जाब मागणे सोपे असते. देणारा, घेणारा आणि खर्च करणारा एकाच पंगतीला बसतात. ज्याने पैसा खाल्ला त्याच्या मुलाला मुलगी मिळणे कठीण. शिलालेखातील शापाहून हा धाक पुष्कळ खरा. पण तो ओळखीच्या माणसांपुरताच चालतो. हैदराबादेहून, नागपुराहून किंवा परदेशातून बेज्जूरच्या मुलांच्या वसतिगृहासाठी कोणी पैसे पाठविले, तर त्या दात्याला ही पंगत उपलब्ध नाही.

त्याला उपलब्ध आहेत त्या कचेऱ्या. वसतिगृह अलीकडच्या तीरावर नोंदलेले असेल तर त्याने जिल्हा निबंधकाकडे त्या सोसायटीची वार्षिक पत्रके मागावीत. ते पलीकडच्या तीरावरील संस्थेने चालविले असेल तर गडचिरोलीच्या सहायक धर्मादाय आयुक्तांकडे तिचा नोंदणी क्रमांक घेऊन लेखापरीक्षकाचा अहवाल पाहावा. आणि त्यात उद्देशाबाहेरच्या खर्चाचा शेरा असेल तर हितसंबंधित म्हणून आणखी एकाला बरोबर घेऊन अर्ज करावा. मनोहर गणेश तांबवेकरांनाही दुसरे भक्त सोबतीला घ्यावे लागले होते.